शोभाताईंनी मॉडेल तपासलं तेव्हा

अरे, आमच्या शोभाताईंनी माझं गणित कसं तपासलं, ते ऐका. एचआयव्ही प्रतिबंधासाठी पुढच्या वर्षी कुठे किती कार्यकर्त्या लागतील, याचं मॉडेल मी कॉम्प्युटरवर केलं होतं. त्यात कार्यकर्त्यांच्या दोन जागा कमी करता येतील, असं निघालं होतं. उल्हासनगरच्या ऑफिसात मी ते सगळ्यांना दाखवत होतो. एका चौकोनात बाधित निघालेले, दुसऱ्यात औषध सुरू झालेले, मध्ये बाण.

वस्त्यांतून फिरणाऱ्या कार्यकर्त्या शोभाताईंनी विचारलं, "सर, माणूस इकडून तिकडे जातो कसा?"

"आपोआप जातो असं धरलंय, ताई."

"आपोआप?" त्या हसल्याच. "एक जण रिपोर्ट आल्यापासून घरात बसून होता. पाच वेळा गेले, दारच उघडेना. सहाव्या वेळी त्यानं दार उघडलं, चपला घातल्या आणि माझ्यासोबत दवाखान्यात आला."

मी लगेच कॉम्प्युटरकडे वळलो. कार्यकर्त्या गेल्याच नाहीत, असं धरून मॉडेल पुन्हा चालवलं. औषधाचा चौकोन जवळजवळ रिकामा झाला.

"ताई, दोन जागा कमी करायचं लिहिलं होतं, ते खोडतो."

"खोडा. आणि एक वाढवा. माझे गुडघे दुखतात."