खुलाशाच्या दोन ओळी

बोटांचे ठसे घेण्याच्या खिडकीपुढे एक आजी आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची तिशीतली लेक फॉर्म भरत होत्या. लेकीला अँब्युलन्सवर काम करण्याचा परवाना हवा होता.

“कधी गुन्हा नोंदला गेला का, तिथे ‘नाही’ लिही.”

“आई, सतराव्या वर्षी चौकीत घेतलेले माझे ठसे आहेत त्यांच्याकडे.”

“मरायला टेकलेला माणूस तुझा दाखला थोडाच मागणार आहे?”

“शुद्ध हरपलेल्या माणसाच्या अंगावर दागिने असतात गं. म्हणून विचारतात. आता खाली खुलासा काय लिहू? आईची साखळी चोरली?”

“तसं नको.”

“तक्रार तूच केली होतीस. मी पाया पडून सांगत होते, मी नाही घेतली.”

“लिही, साखळी सापडली.”

“काय?”

“बटणांच्या डब्यात होती. मीच ठेवून विसरले होते.”

“कधी सापडली?”

“त्याच महिन्यात.”

“तेरा वर्षं झाली, आई!”

“चारचौघांत मीच तुला चोर म्हणाले होते. मग कोणत्या तोंडानं सांगू?”

“आणि मी घरी आले की अजून कपाटाला कुलूप लावतेस!”

“नाही लावलं, तर तुझे बाबा कारण विचारतील.”

“…हे घे पेन. खुलासा तू लिही.”

“चष्मा नाही आणला गं मी.”

आजींनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि त्या आईच्या मांडीवर ठेवला.