दादाच्या मापाचं हँडल

पायी चालल्यानं माणसाला ताप येतो का हो? नाही, साधा प्रश्न आहे. हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा! डॉक्टरला विचारलं, तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता खांद्यावर हात, हे काय उत्तर झालं? कंपाउंडरला विचारलं, तो म्हणाला, "तू आधी पाणी पी." आईला विचारायची सोयच नाही. वहिनीला विचारायचंच असं ठरवून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तिनं वर बघितलं, आणि मी विचारलं, "बादली कुठंय?" बादली माझ्याच हातात होती!

तुम्हाला सांगतो, म्हणजे निदान तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो. माझा मोठा भाऊ, दादा, गेला त्याला सात आठवडे झाले. पाच दिवस ताप, सहाव्या दिवशी दादा नाही. आणि त्या तापाच्या आधीचे चार दिवस तो गावभर पायी हिंडत होता, कारण त्याच्या सायकलचं हँडल मी मोडलं होतं. झालं. सांगून टाकलं. आता पुढचं ऐका.

दादाचं काम काय, तर दात पोचवायचे. हसू नका! दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे काढतात, ते साचे कवळ्या बनवणाऱ्या बाईंकडे न्यायचे, आणि बाईंनी केलेले दात परत डॉक्टरांकडे. अर्ध्या गावाचं चावणं दादाच्या पिशवीत असायचं. आणि सायकल कसली, तर तिचं पायडल थांबतच नाही! चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार, मधे बसून आराम बिराम काही नाही. दादा म्हणायचा, "लाडक्या, हिच्यावर बसलास की एकच लक्षात ठेव, पाय सोडायचे नाहीत." मी लक्षात ठेवलं? मी आजवर काही लक्षात ठेवलंय? आठवीत भर तासात उठलो, दप्तर बाकावर ठेवलं आणि घरी आलो, तो मी! न विचारता सायकल काढली, उताराला लागलो, वारा छान लागत होता, म्हटलं जरा पाय थांबवू... आणि त्या पायडलनं मला असं उचललं, असं उचललं, जसं मांजरीनं पिल्लाला मानगुटीला धरून उचलावं, आणि नेऊन टाकलं उभ्या टेम्पोच्या पाठीवर! मला खरचटलं. हँडल मात्र मधूनच दुमडलं.

दादानं काय करायचं? एक सणसणीत द्यायची की नाही ठेवून? नाही! म्हणतो, "हात दाखव. हलतो ना? मग झालं." वाकडं हँडल काढून टाकलं, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "चार दिवस चालतो. तेवढीच माणसं दिसतील, नाहीतर नुसते त्यांचे दातच बघतो." अन् गेला चालत. मारलं असतं तर बरं झालं असतं हो... खरंच सांगतो, फार बरं झालं असतं.

मग ती सायकल. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून, बिनहँडलची. आई येता-जाता सीटवर हात ठेवते. म्हटलं, मी मोडलंय, मीच बसवणार, आणि साधंसुधं नाही, दादाला बसेल असंच बसवणार. गेलो नटबोल्टकडे. नटबोल्ट म्हणजे आमचा सायकलवाला, तोंडात कायम एक तरी नट धरलेला असतो, त्यामुळे बोलतो ते अर्धंच कळतं. दुकानाची भिंत हँडलांनी भरलेली! तो म्हणतो, "बघ, ही मेंढ्याची शिंगं, खाली वळलेली, वाकून चालवायची, वेग मिळतो, रस्ता दिसत नाही. ही बैलाची शिंगं, पुढं आलेली, चढाला बरी. हे वर उचललेलं, यावर बसलं की माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. आणि हा सरळ दांडा. चालवणार कोण?"

चालवणार कोण? मी म्हटलं, "तू हँडल दाखव." तो म्हणाला, "अरे, चालवणाऱ्याचे खांदे बघूनच हँडल देतात. कोण चालवणार?"

बरं, तिथं एक रिटायर मास्तर पंक्चर काढायला बसलेले, त्यांना काही विचारलं होतं का? "मेंढ्याचं घेऊ नकोस, मान जाते. माझी गेली." एक बाई पोराच्या सायकलला घंटी लावायला आलेल्या, त्या म्हणतात, "बैलाचं तर मुळीच नको, गर्दीत कुणाच्या तरी पोटात जाईल." पुन्हा मास्तर, "पण चालवणार कोण?" मी दुकानातून निघूनच आलो. कुणी कुणाचे खांदे विचारावेत याला काही सुमार?

पण खांदे तर लागणार. मी इस्त्रीवाल्याकडे काम करतो, एवढीच विद्या. दादाचा शर्ट घेतला, टेबलावर पसरला, एक सुरकुती ठेवली नाही, आणि या बाहीच्या शिवणीपासून त्या बाहीच्या शिवणीपर्यंत दोरा धरला, दोन टोकांना दोन गाठी. आमचा मालक बघतोय. म्हणाला, "घरी जा रे." मी म्हटलं, "शर्ट व्हायचाय." तो म्हणाला, "होऊ दे, मग जा." भला माणूस. पगार देताना दिसत नाही तेवढा भला.

दोरा घेऊन परत नटबोल्टकडे. त्यानं दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंडातला नट काढून खिशात ठेवला. तेव्हाच कळलं, आता हा काहीतरी नीट बोलणार. "हे तुझे खांदे नाहीत." मी म्हटलं, "नाहीत." "मग कुणाचे..." आणि थांबला. कळलं त्याला. तरी म्हणाला, "लाडक्या, पण चालवणार कोण?" मी ओरडलो, "भिंतीला टेकून राहील! तुला काय करायचंय? सरळ दांडा दे, खांद्याच्या बाहेर दोन्हीकडे चार-चार बोटं!" त्यानं दिला. देताना म्हणाला, "लांब आहे. कापता येतं. पण एकदा कापलं की परत वाढत नाही, ध्यानात ठेव."

बसवलं. घट्ट केलं. काय दिसत होती सायकल! आईनं बघितलं आणि आत गेली. म्हटलं, चला, फिटलं एकदाचं. फिटतंय कसलं...

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पिशवी खांद्याला लावून सायकलवर बसलेली! घरातल्या घरात, एक पाय जमिनीवर, आणि दोन्ही हात असे फाकलेले, जणू कपाटाला मिठी मारायला निघालीय. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?" "भाऊजी, सोमवारपासून मी जाणार आहे. कवळीवाल्या बाई म्हणाल्या, फेरी तुझीच, जमत असेल तर ये." आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं? "पण... चालवणार कोण?"

"मी," वहिनी म्हणाली. "शिकवलंय त्यांनी मला. मी पाय सोडत नाही." शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, ते मला समजलं.

सोमवारी गेली. दुपारी आली ती बोटांची सालं निघालेली. गल्लीत खांब आणि उभी गाडी यांच्यामधून दादा सुळकन जायचा, हिला अंदाजच येईना, हँडल दोन्हीकडून घासलं. म्हणते, "भाऊजी, हे कापून द्या." मी म्हटलं, "कापायचं नाही! दादाच्या मापाचं आहे ते!" "माहितीय. पण हात माझे आहेत ना?" "मग दुसरं आणतो!" "आणि हे?" "हे राहील!" "कुठं?" आता कुठं? बिनसायकलचं हँडल घरात कुठं ठेवतात? वहिनीला रडू येत होतं, मला राग येत होता, आणि राग कुणाचा, तर त्या खांबाचा!

तेवढ्यात आई उठली. सात आठवड्यांत आपणहून कशात पडली नव्हती. वहिनीच्या मागं आली, तिच्या खांद्यांवर वीत ठेवली, एक, दोन, वर बोटं मोजली. मग दांड्यावर तेवढंच मोजलं, दोन्ही टोकांना नखानं खूण केली आणि मला म्हणाली, "काप."

नटबोल्टकडून करवत आणली. देताना त्यानं काही विचारलं नाही, बघा! जेव्हा विचारायचं नसतं तेव्हा बरोबर विचारतो मेला. आलो, बसलो. उजवीकडचं कापलं. कीस पडत होता चंदेरी, टोक पडलं, टण्ण वाजलं. डावीकडं आलो. आईची खूण दिसतेय, करवत खुणेवर ठेवतोय, आणि हात बाहेर सरकतोय... परत ठेवतोय, परत सरकतोय... डोळ्यांत कीस गेला असणार, दुसरं काय! शेवटी कापलं. अर्धं बोट बाहेर कापलं गेलं. मुद्दाम नाही. शपथ.

रबरी मुठी चढवल्या. वहिनी बसली, गेली, खांबाजवळून नीट गेली, दात पोचवून वेळेत परत आली. म्हणते, "भाऊजी, डावीकडं जरा जास्त राहिलंय का हो?" नटबोल्टनं तर लांबूनच ओळखलं, "घेऊन ये रे, एका मिनिटाचं काम आहे." आई रोज त्या टोकाकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते.

मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, करवतीचं पान बोथट झालंय. नवीन मिळालं की कापतो.