पाचशे कोऱ्या स्टिक

आधार केंद्राच्या रांगेत माझ्यापुढं दोन मुली होत्या. एकीच्या हातात सनस्क्रीनची स्टिक, अजून नाव न छापलेली. त्यांच्यापुढं पाचोडच्या एक मावशी.

“वैदेही, आज लेबल छापायला द्यायचंय. पाचशे नग कोरे पडलेत घरी.”

“‘गोव्याला जाणाऱ्यांसाठी’ लिहू या.”

“आपल्याकडचं कोण जातं गोव्याला?”

“माझा भाऊ गेला होता.”

“त्यानं काय लावलं?”

“खोबरेल. बरं, मग स्कूटीवरच्या मुलींसाठी?”

“त्या डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधतात. मीही बांधते. लावायचं कुठं?”

“अनिसा, तू असं एकेकाला खोडत बसलीस, तर कोरीच विकावी लागेल.”

“थांब जरा. मावशी, तुम्ही शेतात जाता का?”

“व्हय. कापूस येचायला.”

“उन्हात तोंडाला काय लावता?”

“पदर.”

“आणि हाताला?”

“हाताला कोण बघतंय?”

“कुणीच नाही?”

“हे मशीन बघतंय. तिसऱ्यांदा आले मी. बोटं लई धुतली, पुसली, तरी ते नाय म्हणतंय. ठसाच उमटत नाय.”

“वैदेही, लिहून घे. ‘हातांसाठी’.”

“अगं, सनस्क्रीन लावून ठसे परत येत नाहीत.”

“ठशांचं लिहूच नकोस. नुसतं हातांचं लिही. मावशी, जरा हात दाखवता?”

मावशींनी स्टिककडं पाहिलं आणि दहाही बोटं पुढं केली.

“घ्या. तुमच्या मशीनवर तरी बघा उमटतंय का.”