दोन पुस्तिका आणि चुडामणचं यंत्र

...आणि वर चकाकतं हो! नुसतं स्वच्छ असतं तर मी बोललो नसतो. पण तुम्हाला सांगतो, चुडामण पाटलाच्या परसातलं ते कपडे धुण्याचं यंत्र असं चकाकतं, की काल न्हावी आरसा विसरला म्हणून त्या टाकीत बघून गिऱ्हाइकाने आपली मिशी तपासली! आणि माझं? तेच यंत्र! तीच तांब्याची टाकी, तोच हाताने घुसळायचा दांडा, वर पिळण्यासाठी तेच दोन रबरी रूळ... मुंबईचा एजंट आमच्या ब्राह्मणपुरीत एकाच बैलगाडीतून दोन्ही घेऊन आला, एक त्याच्या दारी उतरलं, एक माझ्या. जुळी भावंडं! आठ महिन्यांत माझ्या टाकीला हिरवा कळंक चढलाय, रूळ एकमेकांना चिकटलेत, खालची तोटी धाग्यांनी तुंबलीय, आणि धोतरांवर असे हिरवे डाग, जणू पोपट बसून गेलेत!

आता मला सांगा, हे कसं? चुडामण शिकलाय किती? मराठी चौथी. मी? एम.ए.! एकोणीसशे चार सालचा. बरं, यंत्राची निगा कशी राखायची हे सगळं इंग्रजी पुस्तिकेत. यंत्र उतरलं त्याच दिवशी मी म्हणालो, "चुडामण, तुला इंग्रजी येत नाही, तुझ्याकडे ती उंदीर खातील, दे इकडे." दिली बिचाऱ्याने! म्हणजे दोन्ही पुस्तिका माझ्या ट्रंकेत... मग याला कळतं कुठून?

मी काही हयगय करतो का? रोज सकाळी आंघोळ करून परसात पाट मांडतो, पुस्तिका उघडतो आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचून त्याचं मराठी करतो. मोठ्याने म्हटल्याशिवाय मला अर्थ लागत नाही, चौतीस वर्षांची हेडमास्तरकीची खोड. पान तीन, "धुणे झाल्यावर रूळ सैल करावेत." सैल म्हणजे किती? एक फेरा? दोन? जास्त झाले तर निखळतील! म्हटलं, आधी नीट समजून घेऊ, मग हात लावू. पान पाच, "टाकी आम्लयुक्त द्रवाने घासावी." आम्ल कुठलं? चिंच? लिंबू? ताक? तांब्याला चिंच चालते हे मोलकरणीलाही माहीत, पण एम.ए. माणसाने खात्री करायला नको? तीन दिवस विचार केला, तोवर कळंक दोन बोटं वर सरकला.

आणि त्याच तीन दिवसांत कुंपणाच्या भिंतीपलीकडे चुडामणची टाकी चिंचेने लखलख! दोन्ही पुस्तिका माझ्या ट्रंकेत, आणि चिंच त्याच्या टाकीत! मी ट्रंकेचं कुलूप तपासलं. दोनदा. संशय वाईट हो, पण कुलूप शाबूत असलं की तो आणखी वाढतो.

हेही सोसलं असतं. पण परवा धोतर सापडेना. घरभर शोधलं. आमच्या निर्मलाबाई चुलीपुढून शांतपणे म्हणतात, "कसाले धुंडतस? तुमना धोतरं मी चुडामणभाऊना घर धुवाले दी उनू."

माझी धोतरं! परक्याच्या यंत्रात! बेचाळीस वर्षांचा संसार, तुम्हाला सांगतो, आणि बाई शेजारच्या टाकीवर भाळली!

"आपलं यंत्र आहे ना घरात?"

"शे ना. पन तुमनं वाचनं सरस कव्हय?"

माझं वाचन संपतं कधी, म्हणे! मग मात्र उठलो. तडक चुडामणच्या दारात. पाहतो तर दोरीवर माझी तीन धोतरं, बगळ्याच्या पंखासारखी, वाऱ्यावर डुलताहेत... माझ्या घरी कधी डुलली नाहीत! जमनाबाई, त्याची बायको, यंत्र कोरडं पुसत होती, झाकण उघडं, रूळ सैल, तंतोतंत पान तीन आणि चार! मी ओरडलो, "चुडामण! खरं सांग, तुला हे शिकवलं कोणी?"

तो चक्क माझ्या पाया पडला. "तुम्हीच ना मास्तर! तुम्ही रोज सकाय मोठा आवाजमा वाचतस, आम्ही दोन्ही भितना आंगे बठीसन आयकतस. तुम्ही म्हनतात पुसा, आमनी घरवाली पुसस. तुम्ही म्हनतात सैल करा, मी सैल करस. दोन फेरा कया, काय व्हयनं? काहीच नही व्हयनं!"

भिंत! मी ट्रंकेला कुलूप लावलं, भिंतीला कुठे लावणार? आणि तो पुढे काय म्हणतो? "पन मास्तर, राग नका धरू... चार दिन व्हयनात, तुम्ही त्या तेलवरच अडकी बठनात. दात्या करकर करी ऱ्हायन्यात. कोनतं तेल ते एकदाव सांगी टाका ना!"

खरं होतं. पान सात, "चाकांच्या दात्यांना हलके तेल द्यावे." तिळाचं, शेंगदाण्याचं की एरंडाचं? मी एजंटाला पत्रसुद्धा धाडलंय. पण जमनाबाई हातात फडकं घेऊन माझ्याकडे बघतेय, मागून आलेल्या निर्मलाबाई बघताहेत, दोरीवरची धोतरंसुद्धा बघताहेत... डोळे मिटले आणि म्हणालो, "तिळाचं!"

त्याने लगेच घातलं. दांडा फिरवला. तुम्हाला सांगतो, आवाजच नाही! लोण्यातून रवी फिरावी तसा! निर्मलाबाई माझ्याकडे बघून हसल्या, आठ महिन्यांत पहिल्यांदा... आणि हातातला माझा सदराही तिथेच टाकीत टाकून मोकळ्या झाल्या.

आता रोज सकाळी जरा भिंतीकडे तोंड करून, खणखणीत वाचतो. काय करणार, कपडे माझेच आहेत ना त्यात! आज पान आठ. काय म्हणता, माझ्या यंत्राला तेल घातलं का? छे छे, घाई कशाला... एजंटाचं उत्तर अजून यायचंय.