मंगळ सातव्या घरात

रविवार, १ ऑगस्ट १९७६. सकाळी झड, दुपारनंतर उघाड.

— न्हाय, न्हाय, बसा की पावणं, कोडोलीची गाडी अजून लागायची हाय, आणि मी काय पाया पडायला आलो न्हाय — म्हणजे पडायचं तर पडीनही, पोरीचा बाप हाय मी — पण आधी ऐकून तर घ्या. पोहे अर्धे टाकून उठलात, तसाच तुमच्या मागनं स्टँडावर पळत आलो. चूक कुणाची? शालनची. व्हय, पोरीचीच म्हणा. तुम्ही आपलं सरळ विचारलं, कॉलेजात शिकती म्हणून, की चंद्र झाला, आता मंगळावर यान उतरलं, पेपरात फोटो आला, तर माणूस जाईल का गं तिथं? पोरीनं काय करावं? जाईल न्हायतर न्हाय म्हणावं आणि चहा आणायला उठावं. ही सांगतच बसली — मंगळावर जाईल म्हणाली, आपल्या हयातीत जाईल, पण ताऱ्यांचं अवघड हाय, जवळच्या ताऱ्याचा उजेडच इथं यायला चार वर्षं लागत्यात, माणूस निघाला तर पोचतील त्याची पतवंडं, वाटेतच जन्म, वाटेतच लग्नं. तुमचा पोरगा आकाराम हसला बघा तवा. म्हणाला, वाटेत सोयरीक कोण जमवणार? आणि शालनबी हसली. पावण्यांपुढं ती कधी हसल्याली मी बघितली न्हवती. दारात उभा होतो, मला वाटलं, जमलं.

मग तुम्ही गमतीनंच म्हणालात, मंगळावर पोर जन्मलं तर त्याच्या पत्रिकेत मंगळ असंल का? तर ही तोंड वर करून म्हणती, "मामा, त्याला पृथ्वी असंल. मंगळ मला हाय. सातव्या घरात."

ते खोटं हाय, पावणं. म्हणजे — चेष्टा केली तिनं. उचगावच्या लग्नात मी तुम्हाला सांगितलं तेच खरं, पोरीला मंगळ न्हाय, आणि आमच्या गल्लीत या गणपतरावाचा शब्द म्हणजे — असं बघू नका माझ्याकडं. बरं, सौम्य हाय म्हणा. थोडा — हाय. हाय, पावणं. सातव्यातच हाय. आधीच्या दोन ठिकाणी खरं सांगितलं की मी, मिळालं काय? एकजण तर चहालाबी थांबला न्हाय. म्हणून तुमच्यापुढं जीभ वळली. आज बैठकीत परत तेच बोललो, मंगळबिंगळ न्हाय आमच्यात — आणि ती मागं ट्रे धरून उभी. ऐकलं तिनं. आणि पुढं तिनं खरं सांगितल्यावर मी काय केलं? चारचौघांत म्हटलं, गप्प बस, तुला काय कळतंय. तिला! अहो, तिला मंगळ दाखवला कुणी? मीच की. लहान असताना माझी आई मंगळी मंगळी करून तिचा जीव नकोसा करायची, तवा गच्चीवर न्यायचो आणि सांगायचो, त्यो तांबडा दिसतोय न्हवं, त्यो तुझा, गल्लीत हाय का कुणाकडं एवढं मोठं? मग झोपायची. आज तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर आता मंगळाचं — वाडीच्या देवळात जाऊन शांत करू, तुम्ही म्हणाल त्या भटजीकडनं, पण पोरगी —

काय म्हणालात?

तुम्ही मानत न्हाय मंगळ? आकारामच्या आईलाबी हाय? मग पावणं — मग उठलात कशाला?

व्हय.

व्हय, मंगळ न्हाय म्हणालो खरा. दोनदा म्हणालो. पोरगी पसंत हाय, पण सोयरीक बापाशीबी होती — बरोबर हाय तुमचं.

लागली बघा गाडी. पिशवी द्या इकडं, आकारामनं जागा धरलीया. शालनला निरोप — न्हाय, तुम्ही काय कळवू नका. मी सांगतो. मीच सांगतो. चढा तुम्ही.

कोडोलीची गाडी सुटली. सोयरीक मोडली.