निळ्या मुठीचा पंखा

...नाही, पण मला सांगा, दिवा हिरवा लागला म्हटल्यावर माणूस आणखी काय बघणार? अकरा वर्षं सर्व्हर रूममध्ये काढली मी! हिरवा म्हणजे सगळं ठीक, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं! झालं काय, सकाळी पडद्यावर आलं, नेटवर्कच्या मोठ्या स्विचचा एक पंखा मेला. आता हा स्विच म्हणजे साधासुधा नव्हे हो, तीन हॉस्पिटलं याच्यावर! एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं याच्या पोटातून जातं. आणि फार तापला की गडी आपला आपण बंद पडतो! मग काय, मी धावलो, स्टोअरमधून नवा पंखा आणला, मेलेला ओढला, नवा खटकन बसवला, दिवा हिरवा! हात झटकले, बघतो तर काय... तापमान वर!

साहेब आले. "शेजारचाही गेला असेल, बदल तोही!" बदलला. दिवा हिरवा, तापमान आणखी वर! फोनवर कंपनीचा तज्ज्ञ, आवाज असा की साखर सांडावी, "सर, एकदा बंद करून चालू करून बघता का?" आणि दुसऱ्या फोनवर हॉस्पिटलच्या बाई, "आत ऑपरेशन चाललंय, बंद हा शब्द काढू नका तोंडातून!" साहेब ओरडतायत, मी ओरडतोय... आणि ताई? ताई शांत!

हो, ताई कोण ते राहिलंच की. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. त्यांना ऐकू येतं कमी, कानात यंत्र असतं. पण आत शेकडो पंख्यांचा घोंघाट, तिथे चांगल्या कानाचं तरी काय चालतं? आम्ही डोकं धरून बाहेर येतो. ताई दारातच यंत्र काढून खिशात टाकतात आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात! त्यामुळे साहेब पाठमोरे ओरडले, की सगळं वाया! एकदा तर पाच मिनिटं झाडलं त्यांनी, आणि ताई? ताई शांत!

तर ताई पुढे आल्या. चहाच्या टेबलावरच्या कागदी रुमालाची पट्टी फाडली, स्विचच्या मागे गेल्या आणि एकेका पंख्यासमोर धरायला लागल्या. साहेब माझ्याकडे बघतायत, मी साहेबांकडे! पहिला पंखा, पट्टी त्यांच्या तोंडाकडे फडफडली. दुसरा, तसंच. तिसरा, माझा नवा... पट्टी सपकन जाळीला चिकटली! चौथा, तोही माझाच, पुन्हा चिकटली! आणि ताई हसायला लागल्या हो, खुदुखुदु!

"अरे बाबा, बाकीचे गरम हवा बाहेर फेकतायत, तुझे दोन ती आत ओढतायत. पंख्याची मूठ बघितलीस का?"

बघितली होती की! जुन्यांची लाल, नव्यांची निळी. मला वाटलं, कंपनीने रंग बदलला, छान दिसतोय! तर म्हणे निळी म्हणजे वारा उलट्या दिशेचा! फिरतोय म्हणून दिवा हिरवा. कुठल्या दिशेला, ते दिव्याला काय ठाऊक? फोनवरचा तज्ज्ञ म्हणतो, "सर, हे आमच्या यादीत नाही." यादीत नाही! एका कागदाच्या पट्टीने सापडलं, सांगा आता!

तापमान लाल रेघेला टेकलं होतं, तुम्हाला सांगतो... आणि ताई? ताई शांत! मी उगाचच काढलेला चांगला पंखा खोक्यातून उचलला, जागेवर बसवला. कोपऱ्यात तसलाच एक निवृत्त स्विच पडून होता, त्याचा लाल मुठीचा पंखा ओढला, दुसऱ्या जागी बसवला. पट्टी धरली. फडफडली! दहा मिनिटांत आकडा खाली... हॉस्पिटलच्या बाईंना तर कळलंही नाही की आपण कशातून सुटलो! मला वाटलं, वाकून नमस्कारच करावा. पण ताईंनी तोवर पट्टी कचऱ्यात टाकली होती आणि चहा मागवला होता.

मग आलं माझ्या नशिबाला रिपोर्ट लिहिणं. 'शोधलं कोणी' इथे ताईंचं नाव ठळक लिहिलं, अगदी मनापासून. 'मूळ कारण' इथे आपलं सभ्यपणे लिहिलं, मानवी चूक. साहेबांनी वाचलं, चष्मा सरकवला, म्हणाले, "मानवाचं नाव लिही."

लिहिलं. काय करणार... स्पेलिंगसकट पाठ आहे मला ते.