सलीमचं ‘थांब’

हसू नका, पण त्या दुपारची गोष्ट माह्या मनातून जातच नाही. तुमाले माहीत आहे, मी मानोरा गावात घरी बसून कंप्युटरवर इमान उडवायचा खेळ खेळतो. कामरगावचा सलीम, तो कूलर दुरुस्त करणारा, तिकडून त्या खेळात इमानतळाचा कंट्रोलर असते. नेटवर आवाज तुटते, म्हणून मी लिहून विचारतो अन् तो लिहूनच परवानगी देते.

त्या दिवशी नागपूर जवळ आलं, तसं मी विचारलं, "खाली येऊ काय?"

जवाब आला, "थांब."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "थांब." तिसऱ्यांदाही तेच. इमान नागपूर सोडून पुढं गेलं. आभाळात दुसरं कोणीच नव्हतं, मंग हा मले कायले थांबवून राह्यला?

फोन लावला, त्यानं उचलला नाही. मंग त्याच्या अम्मीले लावला.

"खोलीतच आहे बेटा, दार लावून खेळून राह्यला. पण हाका मारल्या तरी ओ देत नाही."

"अम्मी, दार तोडा!"

सलीम खाली बेशुद्ध पडला होता. रक्तातली साखर एकदम उतरली होती. लगेच दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी भेटाले गेलो. म्हटलं, "काबे, तीनदा थांब म्हणाला तू!"

तो म्हणाला, "तुहा पहिला मेसेज वाचता वाचताच मले चक्कर आली. मी जवाब दिलाच नाही."

मी अम्मीकडं पाह्यलं. त्या हळूच म्हणाल्या, "कीबोर्ड तर त्याच्या अंगाखाली होता, वायर निघालेली."

आता सलीमनं "थांब" लिहिलं, की मी इमान तसंच सोडतो अन् आधी फोन लावतो.